साठीच्या आतला कर्करोग आणि प्रदेशाप्रदेशांतील तफावत : आकडे नेमके काय सांगतात?

गणकमोडी

पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे, की पन्नाशीच्या आत कर्करोग होण्यात पुण्याचा देशात पहिला क्रमांक लागतो. कर्करोग कोणत्या अवयवाचा, स्त्रियांचा की पुरुषांचा, आकडा कोणत्या वर्षाचा, यांपैकी काहीही त्यात नाही. तरीही आमच्या गटावरील काही सुशिक्षित मंडळींनी मुठेचे पाणी, मोबाइलचे मनोरे आणि चाकणचे कारखाने अशा तीन आरोपींची नावे जाहीर करून टाकली. ज्याची हयात संख्याशास्त्र शिकवण्यात गेली त्याला हे मुकाट्याने वाचवत नाही, म्हणून हा धागा.

आधी जे पक्के आहे ते सांगतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा, म्हणजे आयसीएमआरचा, राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम १९८० च्या दशकाच्या आरंभापासून चालू आहे. मुंबईची नोंदणी त्याही आधीची. ती इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६० च्या दशकात सुरू केली आणि पुढे पुण्याची नोंदणीही त्याच संस्थेने उभी केली. या कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या वर्षांवर आधारलेला अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांचा सर्वाधिक दर मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्याचा आहे : दर लाख पुरुषांमागे वर्षाला २६९.४. दिल्लीचा १४७.०. आणि देशातील सर्वांत कमी दर आपल्याच राज्यातला, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) व बीड या जिल्ह्यांच्या एकत्रित नोंदणीचा, ३९.५. स्त्रियांत अरुणाचल प्रदेशातील पापुम पारे २१९.८ वर, तर धाराशिव-बीड पुन्हा तळाशी, ४९.४ वर. म्हणजे एकाच देशात पुरुषांमध्ये जवळजवळ सातपट आणि स्त्रियांमध्ये साडेचारपटीच्या आसपास फरक. पुणे या यादीत दिल्लीच्याही बरेच खाली आहे, तेव्हा पहिल्या क्रमांकाची गोष्ट इथेच संपते.

मात्र हे आकडे सर्व वयांचे आहेत आणि आपला प्रश्न नोकरीच्या वयातील माणसांचा आहे. राज्य सरकारी कर्मचारी साधारण अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, केंद्राचा साठाव्या; त्याआधी आजार आला तर पगार, कर्जाचा हप्ता आणि मुलांचे शिक्षण हे सगळे एकदम अडते, म्हणून हा वयोगट स्वतंत्रपणे पाहणे रास्तच आहे. नोंदणीच्या अहवालांत त्यासाठी एक रकाना असतोही. वर्तमानपत्रे तो कधी छापत नाहीत, ही गोष्ट वेगळी. ३५ ते ६४ या वयोगटापुरता मर्यादित ठेवलेला, ‘ट्रंकेटेड’ नावाचा तो दर होय. सत्तरी-पंचाहत्तरीतल्या माणसाची गाठ बऱ्याच ठिकाणी तपासलीच जात नाही, घरचे ‘आता या वयात कशाला’ म्हणतात, आणि म्हणून वृद्धांची नोंद कुठे पुरी तर कुठे अपुरी राहते. ३५ ते ६४ मध्ये ही गळती कमी असते, त्यामुळे दोन प्रदेशांची तुलना करायला हा आकडा अधिक विश्वासाचा.

जाणकारांनी, विशेषतः वैद्यकीय क्षेत्रातील सभासदांनी, यात भर घालावी.

शंकेखोर

मांडणी आवडली. पण एक बाळबोध प्रश्न विचारतो. वयानुसार दर जुळवून घेणे म्हणजे नेमके काय करतात? आमच्या ओळखीतले एक डॉक्टर म्हणतात, की हल्ली त्यांच्याकडे येणारे निम्म्याहून अधिक रुग्ण साठीच्या आतले असतात. डॉक्टर डोळ्यांनी पाहतात ते खोटे आणि कागदावरचे खरे, असे कसे मानावे?

गणकमोडी

शंकेखोर, प्रश्न बाळबोध नाही, धाग्याचा गाभाच तो आहे. दोन कल्पित वस्त्या घेऊ. दोन्हीकडे प्रत्येकी एक लाख लोक राहतात आणि कर्करोगाचा धोका दोन्हीकडे वयानुसार अगदी सारखाच आहे असे धरू : वीस ते एकोणचाळीस वयात लाखामागे वर्षाला ३०, चाळीस ते एकोणसाठमध्ये २००, साठीपुढे ५००. मुलांचे आकडे सोयीसाठी सोडून देतो.

पहिली वस्ती हिंजवडीच्या बाजूची. तिथे वीस ते एकोणचाळीसचे पन्नास हजार, चाळीस ते एकोणसाठचे वीस हजार आणि साठीपुढचे जेमतेम पाच हजार. वर्षाला रुग्ण निघतील १५, ४० आणि २५, म्हणजे ८०. दुसरी वस्ती सदाशिव पेठेसारखी, जिथली मुले अमेरिकेला किंवा बाणेरला गेली आणि आईवडील मागे राहिले. तिथे हेच गट तीस हजार, तीस हजार आणि वीस हजार. रुग्ण निघतील ९, ६० आणि १००, म्हणजे १६९. धोका तंतोतंत सारखा असूनही पेठेत कर्करोग दुप्पट दिसेल आणि कोणीतरी तिथल्या जुन्या वाड्यांना दोष देईल.

आता आपल्या डॉक्टरांकडे येऊ. पहिल्या वस्तीत ८० पैकी ५५ रुग्ण साठीच्या आतले आहेत, म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के. दुसऱ्या वस्तीत हे प्रमाण सुमारे एक्केचाळीस टक्के. हिंजवडीच्या डॉक्टरांना तरुण रुग्णांची लाट दिसते ती खरीच आहे, पण त्या लाटेचे कारण वस्तीतील वयाचे गणित असू शकते. हे दूर करण्यासाठी प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढतात आणि मग दोन्ही वस्त्यांची वयरचना एकाच ठरावीक नमुन्यासारखी आहे असे समजून तो पुन्हा जोडतात. जगभर त्यासाठी सेगी यांनी १९६० साली मांडलेली आणि पुढे डॉल यांनी थोडी सुधारलेली प्रमाण लोकसंख्या वापरतात. वर दिलेले ऐझॉल, दिल्ली, धाराशिवचे आकडे असे जुळवून घेतलेलेच आहेत. म्हणून त्यांतील सातपट फरक वयाच्या माथी मारता येत नाही. तो दुसऱ्या कशाने तरी आला आहे.

भूमचा पाहुणा

मी मूळचा भूम तालुक्यातला, सध्या मुक्काम हडपसर. आमचा जिल्हा देशात सर्वांत कमी हे वाचून बरे वाटायला हवे होते, पण खरे सांगायचे तर शंका आली. आमच्याकडचा माणूस आधी गावातल्या डॉक्टरकडे, मग बार्शीला, मग सोलापूर, हैदराबाद, पुणे किंवा मुंबईत परळला जातो. कित्येक जण निदान होण्याआधीच गावी परततात. हे सगळे मोजले जातात का?

शिवाय धोक्याचे म्हणाल तर तो आमच्याकडे कमी नाही. माझ्या लहानपणी वाड्यातल्या सगळ्या बायका मिश्री लावत. चुलीवर तवा तापवून त्यावर तंबाखूची पाने काळी पडेपर्यंत भाजायची, निवल्यावर तळहातावर चुरायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी दात घासायला म्हणून सुरुवात, मग दुपारी भांडी झाल्यावर, मग शेतातून आल्यावर; बोट हिरडीवर ठेवून गप्पा चालत. त्याला कोणी व्यसन म्हणतच नसे. माझ्या आत्याच्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा होता, तो घरातल्या सर्वांना ठाऊक होता आणि कोणालाही त्याची भीती वाटली नाही.

सूक्ष्मदर्शी

मी पुण्यात पॅथॉलॉजीत काम करते, त्यामुळे ही नोंद कशी होते ते रोज पाहते. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांत आणि प्रयोगशाळांत स्वतः येतात, बायोप्सीचे रजिस्टर, वैद्यकीय अभिलेख आणि महापालिकेकडील मृत्यूच्या नोंदी चाळतात आणि प्रत्येक रुग्णाचा अर्ज भरतात. काम किचकट आहे. एकाच बाईची बायोप्सी एका प्रयोगशाळेत, शस्त्रक्रिया दुसऱ्या रुग्णालयात आणि रेडिएशन तिसऱ्या ठिकाणी झालेले असते. एका कागदावर ‘सुनिता’, दुसऱ्यावर ‘सुनीता’, एकीकडे वडिलांचे नाव, दुसरीकडे नवऱ्याचे. वय कुठे ४६ तर कुठे ५०. ही एकच व्यक्ती आहे हे ओळखले नाही तर एका कर्करोगाचे तीन होतात.

त्याहून मोठा घोळ पत्त्याचा. लातूर, धाराशिव, अहिल्यानगरहून आलेला रुग्ण केसपेपरवर पुण्यातील बहिणीचा नाहीतर मुलाच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता देतो, कारण अहवाल तिथे पोचायचा असतो. नोंदणीचा नियम असा, की त्या क्षेत्रात किमान एक वर्ष राहणाराच तिथला रहिवासी धरायचा. चांगला कर्मचारी फोन करून विचारतो, ‘इथे किती वर्षांपासून राहता?’ ते विचारले गेले नाही तर भूमचा कर्करोग हडपसरच्या खात्यावर चढतो : आमचा दर फुगतो, त्यांचा घटतो. म्हणून रुग्णालयातील रुग्णसंख्येवरून शहराचा दर कधीही काढू नये. पुण्यात रुग्ण जास्त दिसतात याचे एक साधे कारण, इथे उपचार मिळतात म्हणून लोक येतात.

भूमचा पाहुणा यांच्या शंकेविषयी : नोंदणी किती पुरी आहे हे तपासायच्या खुणा असतात. किती निदाने सूक्ष्मदर्शकाखाली पक्की झाली, किती केवळ मृत्यूच्या दाखल्यावरून कळली, आणि नव्या रुग्णांच्या तुलनेत मृत्यू किती नोंदले गेले. जिथे जवळजवळ प्रत्येक नोंद बायोप्सीचीच आहे, तिथे नोंद उत्तम आहे असे नवख्याला वाटते. मला तिथे उलट संशय येतो, की बायोप्सीपर्यंत न पोचलेली माणसे वहीतही पोचलेली नाहीत. आणि मृत्यूच्या दाखल्यांचे काय सांगावे, तिथे अजूनही ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ एवढेच लिहिलेले सर्रास सापडते. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते!

गणकमोडी

सूक्ष्मदर्शी ताई, हेच हवे होते. भूमच्या पाहुण्यांना एक सांगतो, आपला भाग या शास्त्रात चांगलाच नावाजलेला आहे. देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा मेमोरियलच्या सहकार्याने सुरू केली, तीच बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी. खेड्यात रजिस्टर चाळून भागणार नाही हे त्यांनी आरंभीच ओळखले होते. कर्मचारी गावोगाव ठरावीक काळाने जात, सरपंच, शिक्षक, दाई यांना भेटत, लोकांना लक्षणे समजावून सांगत आणि संशयिताला तपासणीला नेत. मोजणीसाठी केलेल्या या फेऱ्यांचा एक अनपेक्षित लाभ झाला : पुढच्या काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्यापेक्षा लवकरच्या टप्प्यात सापडू लागले.

इतकी बारकाईने नोंद होऊनही बार्शी भागाचा दर मुंबईच्या मानाने बराच कमी राहिला. म्हणून माझे मत असे, की मराठवाड्यातील कमी दरात नोंदीतील गळतीचा वाटा असेलही, पण सगळा फरक गळतीचा नाही. अवयवनिहाय पाहिले की ते उमगते. बार्शीत स्तनाच्या कर्करोगाचा दर मुंबईच्या निम्म्याहूनही कमी, तर गर्भाशयमुखाचा तिथे दीर्घकाळ वरचढ. नुसती गळती असती तर दोन्ही सारखेच घटले असते.

पेठकर

मग स्तनाच्या कर्करोगाला शहर का मानवते, यावर कोणी लिहील का? आमच्या नात्यात, सगळ्या शहरी आणि शिकलेल्या घरांत, पन्नाशीच्या आत निदान झालेल्या तिघी आहेत. भारतीय स्त्रियांना हा रोग पाश्चात्त्यांपेक्षा दहा वर्षे आधी होतो असे सर्वत्र वाचायला मिळते.

सूक्ष्मदर्शी

पेठकर, नात्यात तिघी असतील तर त्या आईकडून एकाच घराण्यातल्या आहेत का, की वडिलांकडून, की निरनिराळ्या घरांतल्या, हे आधी पाहावे. एकाच घराण्यातल्या असतील तर जनुकीय समुपदेशनासाठी कर्करोगतज्ज्ञांकडे जरूर जावे. वडिलांकडूनही हा वारसा येतो, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते.

आता प्रदेशाविषयी. पहिले मूल उशिरा, एकूण मुले कमी, स्तनपानाचा काळ थोडा, पाळी लवकर सुरू होऊन उशिरा थांबणे आणि रजोनिवृत्तीनंतरचे वजन, या सर्वांनी हा धोका वाढतो. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या शहरी स्त्रीच्या आयुष्यात यांतील बऱ्याच गोष्टी एकत्र येतात. यात तिचा काही दोष आहे असे कृपया कोणी समजू नये. मुंबईच्या नोंदणीतून याचे एक जुने उदाहरण मिळते. डॉ. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकांपूर्वीच दाखवले होते, की त्याच शहरात राहणाऱ्या पारशी स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा दर इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा कमी आहे. हवा एक, पाणी एक. लग्नाचे वय, मुलांची संख्या आणि वंश वेगळे.

‘दहा वर्षे आधी’ हे मात्र जपून वापरावे. भारतात निदानाचे सरासरी वय कमी आहे हे खरे, पण त्याचे मोठे कारण गणकमोडी यांनी वर दाखवलेल्या हिंजवडीच्या वस्तीसारखे आहे : आपल्या देशात तरुण स्त्रियाच जास्त आहेत. चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या लाखभर भारतीय स्त्रिया आणि तितक्याच ब्रिटिश स्त्रिया घेतल्या, तर रुग्ण त्यांच्याकडेच अधिक निघतात. आपल्याकडे काळजी आहे ती वेगळ्या कारणाने, गाठ हाताला लागून कित्येक महिने झाल्यावर बाई तपासणीला येते.

डोंगरवाट

मी सरकारी बँकेच्या नोकरीत काही वर्षे ऐझॉल आणि शिलाँग येथे होतो, म्हणून तिकडचे थोडे लिहितो. ऐझॉलच्या आकड्यांत जठर, अन्ननलिका आणि फुप्फुसाचे कर्करोग मोठे आहेत, आणि फुप्फुसाचा तर स्त्रियांतही. तिथे ‘तुइबुर’ नावाचा प्रकार आहे. तंबाखूचा धूर पाण्यातून सोडतात आणि ते तपकिरी, उग्र वासाचे पाणी बाटलीत भरून विकतात. माणसे त्याचा घोट तोंडात धरतात आणि थोड्या वेळाने थुंकतात. काउंटरवर आलेला ग्राहक गाल फुगवून उभा असेल तर तो उत्तर का देत नाही, हे नव्या अधिकाऱ्याला कळायला वेळ लागतो. त्याशिवाय ‘झोझिअल’ ही स्थानिक विडी, धुरावर वाळवलेले मांस आणि डुकराची आंबवलेली चरबी. यांचा जठराच्या कर्करोगाशी असलेला संबंध तिथल्या अभ्यासांत आढळला आहे. मेघालयात पूर्व खासी हिल्समध्ये अन्ननलिकेचा कर्करोग फार. तिथे ओली कच्ची सुपारी पान-चुन्यासह दिवसभर खातात आणि पाहुण्याला ती दिल्याशिवाय बोलणे सुरू होत नाही.

२०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणानुसार मिझोरममध्ये ५८.७ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, महाराष्ट्रात २६.६ टक्के. सातपट फरकाचा बराचसा उलगडा इथेच होतो असे मला वाटते.

गणकमोडी

डोंगरवाट, त्याच सर्वेक्षणातील महाराष्ट्राचे पोट-आकडे अधिक बोलके आहेत. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपला प्रश्न सिगारेटचा कमी, आणि मळलेल्या चिमटीचा, माव्याचा, गुटख्याचा आणि मिश्रीचा जास्त आहे. म्हणूनच मुंबईसह राज्यातील नोंदणीत पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग वरच्या क्रमांकांत असतो, आणि तो चाळिशी-पन्नाशीत गाठतो, कारण गुटखा पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू झालेला असतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते ते कोणत्याही एसटी स्थानकाच्या भिंतीचा कोपरा पाहून ठरवावे. ‘मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ म्हणणाऱ्यांसाठी : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे.

शंकेखोर

तंबाखूवर सगळे ढकलून कीटकनाशकांना आपण मोकळे सोडत आहोत, असे वाटते. पंजाबात भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या गाडीला लोक ‘कॅन्सर ट्रेन’ म्हणतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

गणकमोडी

ठाऊक आहे, आणि ते उदाहरण मी वर्गातही देत असे. ती गाडी रुग्णांनी भरलेली असे, कारण मालवा भागात परवडणारे उपचार नव्हते आणि बिकानेरला होते. पुढे त्या प्रदेशात लोकसंख्येवर आधारित नोंदणी सुरू झाली, तेव्हा कापूस पट्ट्यातील मानसा आणि संगरूर या जिल्ह्यांचे दर चंदीगड आणि मोहालीपेक्षा कमी निघाले. याचा अर्थ कीटकनाशके निर्दोष, असा मुळीच नाही; फवारणी करणाऱ्या शेतमजुराच्या धोक्याचा अभ्यास वेगळा आणि आवश्यक आहे. गाडीतील गर्दीवरून जिल्ह्याचा दर ठरत नाही, एवढाच मुद्दा.

पित्ताशयाचा कर्करोग पाहा. तो बिहार, उत्तर प्रदेश, दिल्ली, आसाम या पट्ट्यात, विशेषतः स्त्रियांत, बराच आढळतो आणि महाराष्ट्रात व दक्षिणेत कमी. पित्ताचे खडे, टायफॉइडचे जंतू दीर्घकाळ बाळगणे, मोहरीच्या तेलातील भेसळ, जनुकीय फरक अशी अनेक कारणे तपासली गेली आहेत. म्हणजे उत्तरेतला आणि इथला मध्यमवयीन माणूस दोघेही ‘कर्करोगाचे रुग्ण’ म्हणून एकाच रकान्यात बसले, तरी त्यांचे आजार दोन वेगळ्या वाटांनी आलेले असतात. सर्व कर्करोगांचा मिळून एक क्रमांक लावण्याला मला म्हणूनच फारसा अर्थ वाटत नाही.

बाणेरची आई

एक वेगळी शंका. माझ्या कंपनीत दरवर्षी आरोग्य तपासणीचे पॅकेज मिळते आणि त्यात यंदा गळ्याची सोनोग्राफीही आहे. दोन सहकाऱ्यांना, दोघीही चाळिशीच्या आतल्या, थायरॉइडमध्ये गाठी निघाल्या आणि एकीची शस्त्रक्रिया झाली. आयटीतल्या लोकांना हा कर्करोग जास्त होतो का?

सूक्ष्मदर्शी

जास्त होतो म्हणण्यापेक्षा जास्त सापडतो, असे म्हणावे लागेल. दक्षिण कोरियात १९९९ मध्ये राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम सुरू झाल्यावर रुग्णालयांनी थोड्या जादा पैशांत थायरॉइडची सोनोग्राफीही देऊ केली. १९९३ ते २०११ या काळात तिथला थायरॉइड कर्करोगाचा दर पंधरापट झाला आणि मृत्यूंचा दर होता तिथेच राहिला. जन्मभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधून काढल्या गेल्या आणि हजारो लोकांच्या ग्रंथी काढून त्यांना कायमच्या गोळ्या लागल्या. भारतात तिरुवनंतपुरमच्या स्त्रियांमध्ये हा दर उंच दिसतो, त्यातही तपासण्यांच्या सुलभतेचा वाटा मानला जातो. लक्षण नसताना, घरात कोणाला तो रोग नसताना आणि मानेला कधी रेडिएशन दिलेले नसताना पॅकेजमध्ये आहे म्हणून ही सोनोग्राफी करू नये, असे माझे मत आहे. हाताला गाठ लागली, आवाज बसला, तर मात्र थांबू नये.

पेठकर

मग तपासणीच नको, असा कोणी अर्थ घेईल, म्हणून विचारतो : नोकरीच्या वयात कोणती तपासणी खरोखर प्राण वाचवते?

सूक्ष्मदर्शी

याचे सर्वांत चांगले पुरावे आपल्याच राज्यातले आहेत. धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. गावांचे चार गट केले होते; ज्या गटात एचपीव्ही विषाणूची चाचणी केवळ एकदा झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू आठ वर्षांत तुलनेच्या गटापेक्षा निम्म्यावर आले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे पाठपुरावा केला. तिथे दहावी शिकलेल्या प्रशिक्षित सेविका व्हिनेगर लावून गर्भाशयमुख पाहत आणि हाताने स्तनांची तपासणी करत. व्हिनेगरच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. स्तनतपासणीचा निकाल २०२१ मध्ये आला : पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आत मात्र ठोस घट नाही. हा भाग कोणी फारसा सांगत नाही, पण तोही सांगितला पाहिजे. तोंडाची तपासणी करणाऱ्याला तर आरशापलीकडे फारसे काही लागत नाही. तंबाखू-सुपारी घेणाऱ्याने दंतवैद्याकडे नियमित जावे. मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे, ‘सर्व्हाव्हॅक’ तर आपल्या पुण्यातच सिरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते.

गणकमोडी

यात एक जोड. देशातील ४३ नोंदणी केंद्रांच्या २०१५ ते २०१९ च्या आकड्यांनुसार नव्या रुग्णांत स्त्रिया ५१.१ टक्के आहेत, पण मृत्यूंत ४५ टक्के. स्तन आणि गर्भाशयमुख हे तुलनेने लवकर सापडू शकणारे अवयव, आणि पुरुषांचे तोंड, फुप्फुस, जठर, अन्ननलिका हे जिवावर उठणारे. ३५ ते ६४ मध्ये बहुतेक शहरांत स्त्रियांचा दर पुरुषांहून वर असतो, ते पाहून घाबरणाऱ्यांनी मृत्यूचा रकानाही वाचावा.

शिवनेरीकर

धागा शांतपणे वाचला. आमचे गाव जुन्नर तालुक्यात, वस्ती तीन हजारांच्या आसपास. गेल्या वर्षभरात सात जणांना कर्करोग निघाला, बहुतेक साठीच्या आतले. गावात द्राक्षबागांच्या फवारणीला आणि नव्या बोअरच्या पाण्याला दोष दिला जातो आहे. ग्रामसभेत विषय आहे. काय म्हणावे?

गणकमोडी

शिवनेरीकर, आधी गणित. दर लाखामागे वर्षाला ९० नवे रुग्ण असे ढोबळ धरले, तर तीन हजारांच्या गावात वर्षाला सरासरी २.७ अपेक्षित. निव्वळ योगायोगाने एखाद्या वर्षी सात किंवा अधिक निघण्याची शक्यता सुमारे दोन टक्के येते. दोन टक्के म्हणजे नगण्य वाटते, पण अशी हजार गावे घेतली तर त्यांतील वीसेक गावांत, कोणतेही स्थानिक कारण नसताना, दरवर्षी हेच घडणार. तेव्हा नुसत्या सातवरून पाणी दोषी ठरत नाही आणि सुटतही नाही.

ग्रामसभेत प्रत्येक रुग्णाचा अवयव, निदानाचे वय, निदानाचा महिना, गावात किती वर्षे वास्तव्य, व्यवसाय आणि तंबाखूची सवय एवढे लिहून काढायला सांगा. नावे फलकावर लावू नका. सातही जणांना सात वेगळ्या अवयवांचे कर्करोग असतील तर समान कारणाची शक्यता फार कमी. त्यांतील चार-पाच एकाच, आणि एरवी विरळ असणाऱ्या प्रकाराचे असतील, तर ती यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. बोअरचे पाणी नायट्रेट, फ्लोराइड आणि कीटकनाशकांसाठी तपासून घ्यायला या यादीची वाट पाहायची गरज नाही, ते वेगळ्या कारणांसाठीही व्हायला हवे.

शिवनेरीकर

आभारी आहे. आशाताईंना बरोबर घेऊन यादी करतो. सातांपैकी तिघांचा तोंडाचा आहे एवढे आत्ताच सांगू शकतो, आणि ते तिघेही तंबाखू मळणारे आहेत. बाकी चौघांचे कागद पाहून इथेच लिहितो.

भूमचा पाहुणा

शिवनेरीकर, त्या तिघांच्या घरातल्या बायकांनाही मिश्रीविषयी विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.